एजंट, नोटरी की वकील? आधी काम ठरवा, मग माणूस

प्रश्न : स.न.वि.वि. माझे वडील गेल्या वर्षी वारले. मागे आई, दोन भाऊ आणि मी. गावात वडिलांनी स्वतः बांधलेलं घर आणि तीन एकर बागायत शेत आहे. मृत्युपत्र केलेलं नाही. थोरला दादा म्हणतो, "नावं लावायची आहेत, फक्त सही करायला ये." रजिस्ट्रार ऑफिससमोर बसणारे एक एजंट सगळं करून देणार आहेत आणि त्यांचे पैसे दादाच देणार आहे. मधला भाऊ म्हणतो, एवढा खर्च कशाला, स्टँपपेपरवर लिहून नोटरी करून टाकू. माझी मुलगी म्हणते, वेबसाइटवरून कागद तयार करून घे. मिस्टरांचं म्हणणं, पुण्यातला मोठा वकीलच गाठायला हवा, पण त्यांची फी आपल्याला झेपेल असं वाटत नाही. मला भांडण नको आहे, पण माझा हिस्साही असाच जायला नको. यातल्या कोणाकडे जाऊ? आणि भावांना न सांगता वकिलाला भेटले तर ते वाईट दिसेल का?
एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, तुम्हाला चौघांनी चार दारं दाखवली. पण कागद नेमका कसला करायचा आहे, हे चौघांपैकी एकानेही सांगितलेलं दिसत नाही. माझी नोकरीची बरीच वर्षं दिवाणी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली. आपणच सही केलेल्या तडजोडीची नक्कल मागायला येणारी माणसं तिथे रोज यायची. आपण कशावर सही केली होती, हे त्यांना नक्कल हातात पडल्यावर कळायचं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बाजूने वकील होता, चांगला होता, फीही भरलेली होती. तेव्हा 'कोणाकडे जाऊ' या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न येतात. काम कोणतं आहे, आणि ते करणारा माणूस कोणाचा आहे?

आधी काम. "नावं लावायची आहेत" या तीन शब्दांत तीन निरनिराळी कामं लपलेली असू शकतात.

पहिलं म्हणजे वारस नोंद. वडिलांच्या जागी सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं चढवायची. त्यासाठी मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि साधा अर्ज लागतो. तो तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. मग फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. या कामाला वकील लागत नाही आणि एजंटही लागत नाही. एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा : प्रतिज्ञापत्रात आई आणि तुम्ही तीन भावंडं, अशी चारही नावं आहेत ना? बहिणीचं नाव तिथेच गळतं आणि मग ते परत चढवायला वर्षं जातात. घराचंही तसंच. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सिटी सर्व्हे झाला असेल तर प्रॉपर्टी कार्ड, यावर वारसांची नावं लागतात. ही सगळी नोंद महसुलासाठी आणि करासाठी. तिच्यामुळे कोणाचा हिस्सा वाढत नाही की कमी होत नाही.

दुसरं काम वाटणीचं. कोणाला कोणता तुकडा, घराचा कोणता भाग, हे ठरवून वेगळं करायचं. शेतजमिनीसाठी सगळे सहधारक राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. नाहीतर नोंदणीकृत वाटणीपत्र. तेही जमलं नाही तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा.

तिसरं काम हक्कसोडपत्राचं. दादाच्या "फक्त सही" या शब्दांवरून मला शंका येते ती याचीच. या दस्तात साधारण अशी ओळ असते : सदर मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने, विनामोबदला, कायमचा सोडून देत आहे. नोंदणी झाल्यावर तो दस्त तुम्हाला एकटीला रद्द करता येत नाही. फसवून सही घेतली म्हणायचं तर दिवाणी दावा लावून ते सिद्ध करावं लागतं, आणि त्यालाही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. दादाच्या मनात हेच आहे असा माझा आरोप नाही. कदाचित त्याला खरोखर वारस नोंदच करायची असेल. पण वारस नोंदीसाठी रजिस्ट्रार ऑफिसात जावं लागत नाही, हे मात्र लक्षात घ्या.

तुमचा हिस्सा किती, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण माहीत असलेलं बरं. तुमच्या कुटुंबाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल, तर वडिलांनी स्वतः बांधलेल्या घरात आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार समान वाटेकरी. शेत वडिलोपार्जित असेल तर हिशेबाची वाट वेगळी, पण मुलगी तिथेही मुलाच्या बरोबरीने धरली जाते. २००५ च्या दुरुस्तीनंतर याबद्दल जो गोंधळ होता तो सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ साली वडील हयात होते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, असा तो निकाल आहे. लग्न झालेलं असणं, लग्नात खर्च झालेला असणं, या गोष्टी गावच्या पारावर चालतात, कायद्यात नाही.

आता माणसं.

रजिस्ट्रार ऑफिससमोरच्या एजंटाला मी उगाच नावं ठेवणार नाही. दस्ताची माहिती संगणकावर भरणं, चलन काढणं, वेळ घेणं, ओळखदार उभे करणं, कोणत्या साहेबाला कोणता कागद आधी लागतो, हे त्याला नव्या वकिलापेक्षा जास्त कळतं. घर भाड्याने द्यायचं असेल, फ्लॅटचा करार बिल्डरच्या ठरलेल्या मसुद्यावर व्हायचा असेल, तर त्याच्याकडून काम करून घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या प्रकरणात तो दादाचा माणूस आहे. पैसे दादा देणार, काय लिहायचं ते दादा सांगणार. तो लबाड असायची गरजच नाही, सांगितलेलं काम तो चोख करेल. शिवाय तुमच्या फायद्यातोट्याचा सल्ला देण्याची त्याच्यावर कसलीही जबाबदारी नाही. उद्या वाद झाला तर तो म्हणेल, मी फक्त टाइप केलं. आणि तुम्हाला सारखं यायला त्रास नको म्हणून त्याने कुलमुखत्यारपत्र करून द्या असं सुचवलं, तर तिथेच उठा. कुलमुखत्यारपत्र म्हणजे तुमची सही दुसऱ्याच्या खिशात.

नोटरीबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. गोल शिक्का, लाल सील, तिकीट, खाली रजिस्टरचा अनुक्रमांक असा थाट बघून माणसाला वाटतं, झालं पक्कं. नोटरी कायदा आहे १९५२ चा. त्याप्रमाणे नोटरी मुख्यतः एवढंच सांगतो की या व्यक्तीने माझ्यासमोर, या तारखेला, या कागदावर सही केली. रजिस्टरमध्ये नोंद करतो, तुमची सही घेतो. मजकूर तुमच्या हिताचा आहे का, हे बघणं त्याचं कामच नाही. आणि स्थावर मिळकतीतला हक्क देणारा, सोडणारा किंवा वाटून देणारा कागद १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नुसत्या नोटरीने ते काम होत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० चा स्टँप लागू लागल्यापासून लोकांना तो कागद आणखी वजनदार वाटायला लागलाय, पण स्टँप कितीचाही असो, नोंदणीची उणीव तो भरून काढत नाही.

इथे कोणीतरी जाणकार म्हणेल की आधीच होऊन गेलेल्या तोंडी वाटणीचं नुसतं टिपण नोंदणीशिवाय चालतं. चालू शकतं, कोर्टांनी ते मान्य केलेलं आहे. पण टिपण कुठे संपतं आणि वाटणीपत्र कुठे सुरू होतं यावरच वर्षानुवर्षं खटले चालतात, आणि तुमच्याकडे तर वाटणी अजून झालेलीच नाही. तेव्हा मधल्या भावाचा मार्ग स्वस्त दिसतो खरा, पण उद्या कोणी हरकत घेतली तर ते पैसे पाण्यात. नोटरीकडे जायचं ते प्रतिज्ञापत्रासाठी, खऱ्या प्रतींसाठी.

तुमच्या मुलीची वेबसाइट. मुलगी हुशार आहे, तिला नाउमेद करू नका. मसुदा कसा दिसतो, त्यात कोणते शब्द येतात हे कळायला या साइट्स बऱ्या. पण साइटच्या तळाशी जाऊन तिला बारीक अक्षरं वाचायला सांगा. 'आम्ही वकिली सल्ला देत नाही' अशा अर्थाचं काहीतरी बहुतेक ठिकाणी सापडेल. आणि तीन एकर बागायत म्हणजे नुसती जमीन नव्हे. विहीर कोणाच्या तुकड्यात जाणार? पाण्याची पाळी कशी? मोटरची वीजजोडणी कोणाच्या नावावर राहणार, पाइपलाइन कोणाच्या बांधातून गेली आहे, मागच्या तुकड्याला बैलगाडी-ट्रॅक्टरची वाट कुठून? आई कोणत्या खोलीत राहणार आणि तिचा हिस्सा तिच्या हयातीत तिच्याच नावावर राहणार का? तयार फॉर्ममध्ये या गोष्टींसाठी रिकामी जागाही नसते. वाटण्या मोडतात त्या एकरांवरून कमी आणि पाण्याच्या पाळीवरून जास्त.

आता मिस्टरांचा पुण्यातला मोठा वकील. हायकोर्टात अपील असतं, कंपनीचा व्यवहार असता, तर मीही म्हटलं असतं जा. मुंबईच्या सॉलिसिटर फर्म, पुण्यातली मोठी ऑफिसं ही त्या कामांसाठी आहेत. पण वाटपाचा दावा मिळकत जिथे आहे तिथल्याच कोर्टात लावावा लागतो. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात तारखेला पुण्याचे मोठे वकील स्वतः येणार नाहीत, त्यांचा ज्युनिअर येणार, आणि तोही एसटी चुकली की पुढची तारीख मागणार. कोर्टाने हिस्से ठरवल्यावरही शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, मोजणी भूमी अभिलेखकडून होते. म्हणजे तहसील कचेरी, मोजणी ऑफिस आणि कोर्ट अशा तिन्ही ठिकाणी ज्याचं रोजचं जाणं-येणं आहे, असा तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा दिवाणी वकीलच तुमच्या कामाचा.

स्थानिक वकिलाची एक अडचण आहे, ती लपवत नाही. तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तुम्ही ज्यांच्याकडे जाल ते दादाचे वर्गमित्रही असू शकतात. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "माझ्या भावांपैकी कोणी तुमच्याकडे आलंय का? तुमची त्यांच्याशी ओळख आहे का?" वकिलाने तुमच्यापासून हे लपवायचं नसतं, तसा बार कौन्सिलचा नियमच आहे. थोडी जरी चुळबूळ दिसली तर शेजारच्या तालुक्याचे किंवा साताऱ्याचे वकील बघा.

वकील शोधायचा कसा? जाहिरात करायला वकिलांना बंदी आहे, त्यामुळे जो फ्लेक्स लावून किंवा मोबाइलवर व्हिडिओ टाकून 'खात्रीशीर निकाल' देतो, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं. माझा उपाय जुना आहे. दिवाणी कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. एक सकाळ मागच्या बाकावर जाऊन बसा, मिस्टरांना सोबत घ्या. कोण उभं राहून कागद दाखवत बोलतंय, कोण नुसतीच तारीख मागतंय, साहेब कोणाचं ऐकून घेतात, हे दोन तासांत दिसतं. ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावानेही प्रकरणं शोधता येतात. वाटपाचे दावे त्यांनी चालवलेत का, की सगळे धनादेश न वटल्याचे खटलेच आहेत, तेवढं मुलीला बघायला सांगा. तिच्या हुशारीचा इथे खरा उपयोग.

पण ज्या दाराचं नाव तुमच्या घरात कोणी काढलंच नाही, ते मला सगळ्यांत आधी दाखवावंसं वाटतं. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. फुकट वकील म्हणजे गरिबांसाठी, कैद्यांसाठी, असं तुम्हाला वाटत असेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याचं कलम १२ बघा. त्यात अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार, कोठडीतले लोक यांच्याबरोबर स्त्रिया आणि मुलं यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. उत्पन्नाची अट या यादीबाहेरच्यांना आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये. स्त्रीला ती अट नाही. मिस्टरांचा पगार किती, घरात गाडी आहे का, काही बघायचं कारण नाही. साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो. दावा लावायची वेळ आली तर कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्चही त्यात येतो. १५१०० या नंबरवर फोन करून आधी विचारूनही घेता येईल.

समितीच्या यादीवरचे, म्हणजे पॅनेलवरचे वकील कसे असतात? खरं सांगायचं तर निरनिराळे. काही तरुण वकील तिथे नाव कमवायला येतात आणि जीव तोडून काम करतात. काही जण मानधन तुटपुंजं म्हणून फाइल बाजूला ठेवतात. दुसरा प्रकार वाट्याला आला तर समितीकडे वकील बदलून मागता येतो. आणि पॅनेलच्या वकिलाने तुमच्याकडून वेगळे पैसे मागितले तर ते चूक आहे, तक्रार करा, भीड नको.

तुमच्यासाठी याचा आणखी एक उपयोग आहे. तुम्हाला भांडण नको आहे. समितीकडे दावा लावायच्या आधीच समेटासाठी अर्ज देता येतो. समिती दोन्ही भावांना नोटीस पाठवते, सगळ्यांना समोरासमोर बसवते. जमलं तर लोकअदालतीत त्याचा निवाडा होतो आणि त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो. त्यावर अपील मात्र नाही. म्हणून तिथल्या तडजोडीवर सही करताना घाई करू नका. लोकअदालतीच्या दिवशी गर्दी असते, प्रकरणांचे गठ्ठे असतात, 'चला ताई, पटकन' असं होतं. मजकूर घरी नेऊन वाचायला मागा.

बाहेरचा वकील करायचा ठरला तर फीबद्दल लाजू नका. सगळी रक्कम एकदम किती, आणि टप्प्याटप्प्याने किती : नोटीस, दावा, पुरावा, युक्तिवाद. टायपिंग आणि कोर्ट फी वेगळी की त्यातच? लिहून घ्या, पावती मागा. "जमीन मिळाली की तिच्यातले एवढे टक्के द्या" असं कोणी म्हणालं तर तिथून निघायचं. निकालावर किंवा मिळकतीच्या हिश्शावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. जो पहिल्या दिवशी नियम मोडतो तो पुढे तुमच्यासाठी काय पाळणार? सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर विचारायलाही हरकत नाही. एमएएच, पुढे क्रमांक आणि वर्ष असा तो असतो. खऱ्या वकिलाला त्याचा राग येत नाही.

वकीलपत्र हा छापील कागद कोणी वाचत नाही. एकदा वाचून बघा. त्यात दावा चालवणे, अर्ज देणे यांच्या ओळीतच तडजोड करणे, दावा काढून घेणे, रक्कम स्वीकारणे हेही अधिकार छापलेले असतात. मघाशी म्हटलं ना, नकला मागायला येणारी माणसं, त्यांच्या फाइलमध्ये हाच कागद असायचा. 'तडजोड पक्षकाराच्या लेखी संमतीनेच' एवढी ओळ हाताने घालून घ्या. चांगला वकील घालू देतो. आणि दावा दाखल झाला की सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या दाव्याचा ओळख क्रमांक, मागून घ्या. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला घरबसल्या दिसतं. "तारीख पडली" या दोन शब्दांवर अवलंबून राहायला नको.

वकिलाशी पटलं नाही तर बदलता येतो. जुन्या वकिलाची ना हरकत घ्यायची पद्धत आहे, ती मिळाली नाही तर कारण सांगून कोर्टाला अर्ज देता येतो. फी बाकी आहे म्हणून फाइल अडकवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट केलंय. मात्र वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. मे २०२४ च्या निकालाने तो रस्ता बंद झाला. गैरवर्तनाची तक्रार करायची ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे.

उद्या शेत विकायचं ठरलं तर कराच्या हिशेबासाठी सीएकडे जावं लागेल. आत्ता त्याची गरज नाही.

तर तुमच्यापुरतं क्रमाने सांगतो. वारस नोंद झाली आहे का ते सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढून बघा. नसेल तर स्वतः अर्ज द्या, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गट नंबरचे जुने दस्त शोधा, तुमच्या नकळत काही नोंदवलं गेलंय का ते इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात दिसेल. हे कागद, वडिलांचा मृत्यू दाखला आणि घराचा उतारा घेऊन विधी सेवा समितीत जा. तिथे सल्ला घेऊन मग ठरवा की पॅनेलचे वकील पुरे आहेत की स्वतःचे करायचे. चौघांचं खरोखर एकमत झालं तर एकच वकील सगळ्यांसाठी वाटणीपत्र लिहू शकतो, तो खर्चही चौघांत विभागा. एकट्या दादाने पैसे दिले की तो परत दादाचा वकील होतो.

आणि भावांना न सांगता वकिलाला भेटणं. यात वाईट काही नाही. दादा एजंटाला भेटला तेव्हा त्याने तुम्हाला विचारलं होतं का? डॉक्टरचं दुसरं मत घेताना आपण पहिल्याची परवानगी काढत नाही. पण लपवूनही ठेवू नका, नंतर कळलं की तेच मोठं होतं. सल्ला घेऊन झाल्यावर फोन करा आणि एवढंच म्हणा, "दादा, मसुदा आधी मला पाठव. मी वाचून आठवड्यात सांगते." आईसमोर बोललात तर आणखी बरं, तिचाही चौथा हिस्सा त्यात आहे आणि तिची सहीसुद्धा ते घेणारच आहेत. तिच्यासाठी आलेला कागदही मागून घ्या.

मसुदा न पाठवता तुम्हाला थेट ऑफिसात नेलं, नातेवाइकांसमोर नाही म्हणवलं नाही, असं झालंच, तर घाबरू नका. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर फोटो आणि अंगठा घेताना ते तुम्हाला विचारतात की हा दस्त तुम्ही करून देताय, तो तुम्हाला मान्य आहे का. हा प्रश्न थेट तुम्हालाच असतो, दादाला किंवा एजंटाला नाही. मोठ्याने "नाही" म्हणा. दस्त करून देणाऱ्यानेच नकार दिला की तुमच्यापुरती त्याची नोंदणी त्यांना करता येत नाही.